दुसऱ्या बाजूचा समुद्र

मागच्या आठवड्यात बेंगळुरूहून एक पोरगा आला,
गळ्यात हेडफोन, पाठीवर सॅक,
सॅकमध्ये दोन पुठ्ठ्यांत दाबलेली छोटी तबकडी.
सदरमध्ये विचारत विचारत माझ्या दुकानापाशी थांबला.
म्हणाला, काका, हिच्या तीनशेच प्रती निघाल्या.
आणि दुसऱ्या बाजूला, गाणं संपता संपता, समुद्र येतो.
अजनी शंटर्स समुद्रावर कधी गेले होते?

मी सोल्डरची कांडी खाली ठेवली.
दोन चहा सांगितले.

त्याला बरंच पाठ होतं.
डेरिक पॉवेल लोकोशेडमध्ये फायरमन होता, हे माहीत होतं.
नॉर्बर्टची गिटार कामठीच्या कोण्या मेजरची, तेही.
गाण्यातला तो ठोका मात्र कोणत्या ड्रमचा, ते कळत नव्हतं.
बापा, म्हटलं, ड्रम कुठला?
ड्रम त्या दिवशी मोहन नगरात लग्नाला गेला होता.
विश्वास खोब्रागड्यानं संत्र्याचा खोका उपडा घातला,
आत कोंबला जुना पेपर,
आणि वाजवला हातानं. दुसऱ्या कडव्यात एक फळी मोडते.
ऐकू येते.

सालं चौऱ्याहत्तरचा मे, रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल.
सडकेचं डांबर चपलेला चिकटत होतं.
पिंपळापुऱ्यांनी कुठून तरी मशीन आणलं होतं, टेपचं,
ते तापायचं आणि आवाज लांबवायचं.
कूलर बंद केला की मशीन आजारी,
चालू ठेवला की गाण्यात घूं.
तासभर भांडले. मग डेरिक म्हणाला,
घूं कोणत्या सुरात आहे ते बघा.
जी आणि जी-शार्पच्या मधे कुठेतरी निघाली.
तिघांनी आपापल्या तारा त्या घूंला लावल्या.

पोरानं कपाळाला हात लावला.
दहा वर्षं तो त्या गाण्यासोबत वाजवायचा प्रयत्न करत होता.
आपलीच गिटार खराब म्हणून
दोन विकल्या होत्या त्यानं.

आणि समुद्र?

इन्स्टिट्यूटचे चौकीदार झिंगरूजी, माझे वडील.
कूलर खिडकीत, बाहेरच्या अंगाला,
त्यात पाणी टाकायचं काम माझं. वय नऊ.
डेरिकनं बोटानं दटावलं होतं,
लाल दिवा विझेपर्यंत एक थेंब नाही.
मी भरलेली बादली उचलून उभा, अनवाणी,
एका पायावरून दुसऱ्या पायावर,
आणि आत गाणं काही केल्या संपेना.
खाली ठेवली तर कडी वाजेल.
हात भरून आले. बोटं पांढरी.
मग म्हटलं, कडेकडेनं सोडू, कोणाला कळत नाही.

ती पहिली लाट.

दुसरी म्हणजे बादली सुटली.

आतून कोणीच ओरडलं नाही. टेप तेवढाच उरला होता,
दुसऱ्यांदा घ्यायला पैसे नव्हते.
पिंपळापुरे मागाहून म्हणाले, राहू द्या, बरं वाटते.
डेरिकनं मला लेमन सोडा पाजला,
आणि पुढच्या वर्षी पर्थला निघून गेला.
तबकडीच्या पाकिटावर पाच नावं आहेत.
खोक्याचं नाही, माझं नाही.
नसू दे. नऊ वर्षांच्या पोराचं नाव
कोण छापते?

मी खरा समुद्र पाहिला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी,
साळ्याच्या लग्नात, रत्नागिरीला.
बायको म्हणाली, किती मोठा ना!
मी डोळे मिटून उभा होतो.
मले वाटलं, आता बाबा ओरडतीन,
पाणी काऊन सांडवलं बे.

पोरगा बराच वेळ काही बोलला नाही.
चहावर साय धरली.
मग म्हणाला, हे कुठे लिहिलेलं नाही.
म्हटलं, लिहू नको. तीनशेपैकी ज्याच्याकडे उरली असेल
त्याचा समुद्र त्याच्यापाशी राहू दे.

तरी जाताना मीच त्याला थांबवलं.
हेडफोन दे, म्हटलं, सुई थोडी मागे घे.
दुसऱ्या लाटेनंतर, अगदी शेवटी,
टण् असं काहीतरी आहे बघ.
कडी.