चौथ्या दिवशी, मिरजेत

पहाटेचे पाच चाळीस. पडद्यावर
राजमती मगदूम, कवठेपिरान, डिश तीन.
काल मोजल्या तेव्हा आठ पेशी होत्या.
आठही गोल, भिजत घातलेल्या साबुदाण्यासारख्या,
एकमेकींना टेकलेल्या, पण नावापुरत्या,
एसटीच्या बाकावर टेकतात तितपत.

आता मोजता येत नाहीत.

रात्रीत केव्हातरी त्यांनी एकमेकींना धरलंय.
कडा पुसल्या गेल्यात.
मी चष्मा पुसते, पुन्हा एक, दोन करत जाते,
तिसरीपाशी चुकते
आणि हसू येतं. चुकणं हीच तर बातमी.

कॅडहेरिन म्हणतात त्याला.
पेशीच्या अंगातून बाहेर आलेला हात,
समोरून अगदी तसाच हात आला तरच धरणारा.
आतून तो थेट कण्याला बांधलेला.
ओढला की सबंध पेशी ओढली जाते.

पुराच्या साली जामवाडीत, छातीभर पाण्यात,
एक माणूस ओरडत होता,
बोटं नका धरू, बोटं सुटतात.
मनगट धरा. त्यानंही तुमचं मनगट धरायचं.
मी ज्याचं धरलं त्याचं नाव
अजून माहीत नाही. हाताला घड्याळ होतं,
त्याचा वळ माझ्या तळव्यावर दोन दिवस.

आणि कॅल्शियम. ते नसलं तर हे हात लुळे.
शिकताना उंदराच्या गर्भावर करून पाहिलेलं:
काढून घेतलं, आठही जणी पुन्हा गोल, पुन्हा परक्या.
परत घातलं, तासाभरात जवळ.
जिन्याखाली कोरबूमामा तंबाखूला चुना लावत होते.
म्हटलं, मामा, आमच्या बाळांनाही हेच लागतं.
तर म्हणाले, मग मलाच कशाला नावं ठेवतासा?

डिश चारमध्ये दोघी बाहेर राहिल्यात.
हात पुढे केला नाही,
की केला आणि कुणी घेतला नाही,
ते काचेतून दिसत नाही.
त्या दोघींकडे मी गरजेपेक्षा जास्त वेळ बघते.

पुढे सगळं नीट झालं तर
याच घट्ट मिठीतल्या काही जणी
एक दिवस हात सोडतील, वाट काढत निघतील,
हृदय व्हायला, कणा व्हायला.
पण ते फार पुढचं. आज फक्त धरणं.

सात वाजता फोन. दादासो मगदूम,
हळदीच्या सौद्यात तोलार,
सही करताना नखं पिवळी दिसली होती.
आमच्याकडे नियम आहे, आशा लावायची नाही,
जे दिसतं तेवढंच सांगायचं.
"किती हायती मॅडम?"
"मोजता येत नाहीत."
तिकडे एकदम गप्प.
मागे कुणीतरी क्विंटलचा भाव पुकारतोय,
पोती आपटतायत.
"म्हंजी... वाईट?"
"नाही हो," मी म्हणते,
आणि पुढचं वाक्य शोधत
रिसीव्हर दोन्ही हातांनी धरते.