तिसरा ठोका

ऑस्टरहाउट सर गेले हे आम्हाला कळलं
ते त्यांच्या मगावरून.
हॉलमधल्या सिंकपाशी खिळ्याला टांगलेला असायचा,
कान तुटलेला, वर निळा बगळा.
फेब्रुवारीतल्या एका शनिवारी
नुसता खिळाच.

कुणी म्हणालं, पैसे.
कुणी म्हणालं, बायकोचं माहेर तिकडे.
डेल्फीनने तर शपथेवर सांगितलं
की संचालकांशी जुंपली होती, पार्किंगमध्ये, बर्फात,
आणि सरांचा एक हातमोजा
मार्चपर्यंत तिथेच पडून होता.
क्विम्बीबाई आमच्या कॉलरी शिवत होत्या.
त्यांनी आजवर अकरा सर पाहिलेत.
तीन परतही आले म्हणे,
गेले त्याहून जाड होऊन.

त्यांच्या जागी आले प्रूएट सर,
आले तेही नेमके तिथूनच,
लँटर्न गार्डमधून.
जणू दोन गाड्या हायवेवर कुठेतरी
एकमेकींना दिवे दाखवून गेल्या असाव्यात.
पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आमच्याकडे असं वाजवत नाहीत."
आमच्याकडे म्हणजे तिकडे.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
एप्रिलभर ते "आम्ही" म्हणायचे आणि जीभ चावायचे,
मेमध्ये "तुम्ही" म्हणू लागले,
आणि जूनच्या मध्यावर, आयोवातल्या एका शाळेच्या जिममध्ये,
रात्री दीड वाजता, फरशीवर गाद्या अंथरताना,
सहज म्हणाले, "उद्या आपण लवकर निघू."
कुणीच काही बोललं नाही.
डेल्फीनने त्यांना आपली जादा उशी दिली.

मी पाचांतली तिसरी.
छातीवर बास ड्रम, समोरचं काही दिसत नाही.
पाच जण, पाच उंचीचे आवाज,
आणि त्यांतून घरंगळत जाणारी एक ओळ,
जिन्यावरून बटाटे सांडावेत तशी.
त्यातला एकच बटाटा माझा.
लोकांना वाटतं आम्ही वाजवतो.
आम्ही मोजतो.

मागच्या हिवाळ्यात ऑस्टरहाउट सरांनी
एक ओळ लिहिली होती.
दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्यामध्ये केसाएवढी फट,
आणि वर पेन्सिलने: इथे कोरीस श्वास घेईल.
मला जमायचं नाही. मी आधीच पडायचे.
"उशीर चालेल," ते म्हणायचे, "घाई नको.
तू वाट बघत नाहीस, नुसती थांबतेस."
जमलं तेव्हा जानेवारी संपत आला होता.
मग तो खिळा.
ती ओळ प्रूएट सरांनी काढून टाकली.
वाईट नव्हती, म्हणाले, पण या शोमध्ये बसत नाही.

जुलैत, किवानीला,
स्टेडियममागे मक्याच्या कडेला
लँटर्न गार्ड सराव करत होते.
पाण्याचा कॅन भरायला गेले होते मी.
मेट्रोनोम टकटकत होता.
बटाटे सांडले.
आणि मधोमध, दोन आणि चारच्या आत,
माझी फट.

वाजवणारा मानेचा उंच पोरगा,
उन्हाने सोललेले कान.
त्याला जमत होतं.
चांगलंच जमत होतं.
कॅन भरून वाहू लागला, बूट भिजले,
आणि माझा उजवा हात मांडीवर
त्याच्याबरोबर पडत राहिला, प्रत्येक वेळी,
त्याच्याहून किंचित उशिरा.

ऑस्टरहाउट सरांनी मला पाहिलं.
हात वर केला.
मीही करणार होते,
पण त्यांचा हात खाली आला,
आणि पाचही जणांनी पुन्हा सुरुवातीपासून धरलं.

शेजारी कधीतरी प्रूएट सर येऊन उभे राहिले होते,
खिशात हात घालून, त्यांच्याकडे बघत.
"तो चौथा अजून घाई करतो," ते म्हणाले.
"किती सांगितलं त्याला. आमचा..."

मग त्यांनी नळ बंद केला,
आणि कॅनचं दुसरं टोक उचललं.