मूठ

मे महिना. उपकेंद्रातला पंखा दुपारपासून गप्प.
रात्री सव्वादोनला वैजंता कोळीला मुलगी झाली.
वार अख्खी आली, विजेरीच्या उजेडात दोनदा उलटून पाहिली,
आणि तरीही
खाटेखाली टप टप.

सासू म्हणाली, "जाऊ दे ना बई, कोठा साफ व्हस."
तिच्या सासूनंही तिला हेच सांगितलं असणार.
मी पोटावर हात ठेवला.
जिथं नारळ लागायला हवा
तिथं भिजलेली कणीक.

चोळलं. लघवी काढली.
दुसरं इंजेक्शन बर्फाच्या डब्यातून घेतलं
(बर्फ कुल्फीवाल्याचा, संध्याकाळी उधार),
सलाइन लावलं.
लुगड्याचा तिसरा तुकडा हाताला जड लागला
तेव्हा मोजा कोपरापर्यंत ओढला
आणि मूठ आत,
दुसरा हात वरून, बेंबीपाशी,
मधे तिची पिशवी
दाबून धरलेली.

अशीच गाडीत चढले. कशी, ते विचारू नका.
हैदर तडवीनं मागे वळून पाहिलं नाही.
चोपडा एकोणीस किलोमीटर.
अडावद सोडलं तर पुढ्यात केळीचा ट्रक,
हॉर्नला दाद देईना.
दिव्यांच्या झोतात कापलेले घड हलत होते.
केळ व्यायची ती एकदाच. घड उतरला
की बुंध्यावर कोयता,
बागेत कुणी थांबत नाही.
असलं काहीतरी डोक्यात येत होतं
आणि मी स्वतःला शिव्या घालत होते.

"मी वाचसू ना, माय?"
मी तिच्याहून चार वर्षांनी लहान.
म्हटलं, झोपू नको. पोरीचं नाव काय ठेवणार?
तिनं तीन नावं सांगितली.
चौथं अर्धंच.

मनगट गेलं, मग खांदा.
सासू सलाइनची बाटली उंच धरून वाकडी उभी,
कोठ्याबद्दल एक अक्षर नाही.

कुठल्या वळणावर कोण जाणे,
तळव्याखाली काहीतरी आवळलं.
सैल पडलं.
पुन्हा आवळलं, आणि राहिलं,
कच्च्या कवठासारखं.

"हैदर, आता हळू चालव."
"म्हणजे?" त्याचा आवाज फाटला.
"अरे, म्हणजे हळू."

चोपड्याला दोन पिशव्या रक्त चढलं.
सकाळी रजिस्टर उघडून बसले.
रक्तस्राव अंदाजे किती, असा एक रकाना असतो.
पेन धरायला बोटं उघडेनात.
सासूनं चहा बशीत ओतला, फुंकला,
आणि बशी माझ्या तोंडाला लावली.