नऊशे ग्रॅम

शुवैखच्या गॅरेजात, दुपारी अडीचला,
मुनाफ दोन तळव्यांवर दोन बॅटऱ्या धरतो.
डावीकडे शिसं, साडेचार किलो.
उजवीकडे लिथियम;
खोकं रिकामंच दिलं म्हणून
मी मघाशी भांडलो होतो.

"हलकी घे. पण आधी चार्जिंग मोजू.
साडेचौदा व्होल्टच्या वर गेलं
तर ही रुसत नाही, फुगते."
मीटरच्या तारा लावून आम्ही उकिडवे बसतो.
मूठ पिळली. चौदा पॉइंट दोन.
अजून पिळली. चौदा पॉइंट दोन.
मुनाफ नाकातून हुं म्हणतो.

इंजिनाच्या कुशीत नको, सीटखाली मागे बसव,
जिथं वारा पोचतो.
ऑगस्टातला इथला वारा म्हणजे भट्टीचं दार,
तरी वारा तो वारा.

वजनाशी माझं जुनं आहे.
अकरा वर्षं तीस किलोत घर बसवतोय:
दूध पावडर, टॉर्च, अत्तर, कुणाचातरी मिक्सर.
काट्यावर तीनशे ग्रॅम जास्त भरले
की उघड्या बॅगेपुढे, रांगेसमोर, गुडघ्यांवर मी.

"आणखी एक दे. गुहागरला भावाची गाडी
रोज ढकलून चालू होते."
मुनाफ पाना पुसत राहतो.
"बॅगेत नेऊ देत नाहीत ही. हातातही विचारतील.
सगळंच हलकं उडत नाही, परकार."

बटण दाबलं. पहिल्या झटक्यात सुटली.
जुन्या शिशाचा भंगारवाल्यानं दीड दिनार दिला.

रात्री भावाला फोन केला:
अजून थोडे दिवस ढकल.
आणि झोपताना गाडी
उतारावर लावत जा.