लहान किंवा बरोबर

जळगावच्या एमआयडीसीत, डाळ मिलच्या वजनकाट्यावर
रात्रपाळी माझी.
दोन ट्रकांच्या मधे कधी पाऊण तास मिळतो, कधी दीड.
कॉम्प्युटर मालकाचा, जुना.
त्यात पावत्या, आणि एका कोपऱ्यात
माझ्या सात ओळी.

त्यांचं काम एवढंच:
एकेक संख्या घ्यायची,
दोनानं भागून बघायची, तिनानं, चारानं.
भाग गेला की सोडून द्यायची.
कुणाच्याच पाढ्यात जी सापडत नाही
ती छापायची.
शंभरापर्यंत चालवून पाहिलं.
एकोणतीस निघाल्या.

सुपडूअप्पा चहा घेऊन आले,
भुवयांवर तुरीची पिवळी भुकटी.
बावीस वर्षं चाळणीवर.
पारोळ्याकडचे. आधीची दोन लेकरं राहिली नाहीत
म्हणून आईनं जन्मल्या जन्मल्या सुपात ठेवलं,
नाव तेव्हाचं.
पडद्यावर बोट टेकवून म्हणाले,
"हाई पंचवीस काबर ऱ्हायनात व माय?
पाच-पाचना पाच वाटा पडतस ना त्यास्ना."

पंचवीस. वर नऊ. त्याच्याही वर चार.
खाली एकोणपन्नास, साळसूद.
सगळे स्वतःशीच गुणलेले.
मी भागाकार थांबवत होते
वर्गमुळाच्या एक पायरी अलीकडे.
नेमकं उंबऱ्यावरच कुणी उभं असेल
हे डोक्यातच आलं नव्हतं.

"जाळी एक नंबर मोठी पडनी,"
अप्पांनी बशीत चहा ओतला.

लहानच्या खुणेला लागून मी बरोबरची खूण टाकली.
दोन आडव्या रेघा.
चार गेले, नऊ गेले,
पंचवीस, एकोणपन्नास गेले.
उरल्या किती, मोजलं:
पंचवीस.

अप्पा हसले तशी भुकटी कीबोर्डवर सांडली.
"बाहेर काढा, तं मुनीम व्हईसन परत उना!"

मग दहा लाखांपर्यंत लावून दिलं.
पलीकडे त्यांची चाळणी सुरू झाली, काचा थरथरू लागल्या,
आकडे वर सरकत राहिले,
आधी दाट, मग जरा विरळ,
कुठे दोघं अगदी जवळजवळ,
मधे एकच सम.

अडीचला धुळ्याकडचा ट्रक लागला.
दोनशे अकरा गोण्या.
हमालांनी दोन-दोनची थप्पी मांडली, एक उरली.
तीन-तीनची, एक उरली.
पाचाची, मग चिडून सातांची.
मी खिडकीतून सांगणार होते,
पण तोवर त्यांच्यातला एक
त्या उरलेल्या गोणीवर बसला होता
आणि तंबाखू मळत होता.