चौदावा दिवस

यशवंतसागराच्या काठी, हातोदच्या अलीकडे,
सोयाबीन निघालेल्या वावरात
ओगडराम देवासीचा कळप बसलाय.
तीनशे बारा मेंढ्या, दोन गाढवं, एक खाट.
रात्रभराच्या लेंड्यांच्या बदल्यात
शेतमालक दहा किलो गहू देतो.

त्याच लेंड्या मी नेल्या होत्या
पिशव्यांवर नंबर घालून, बर्फात.
"बाई, सरकारला आता हेही लागतं?"

औषध तर त्यानं पाजलं होतं.
दुधासारखं पांढरं, बाटलीच्या झाकणानं,
एडक्याला एक झाकण, कोकराला एक झाकण,
शेवटी पुरेना तेव्हा पाणी घालून.
पालीपासून इथवर,
दर पावसाळ्यानंतर, तीच बाटली.

महूच्या प्रयोगशाळेत
काचेच्या चौकटीत मी अंडी मोजली.
औषधाआधी अकराशे.
चौदाव्या दिवशी साडेनऊशे.
भिंग पुसलं, पुन्हा मोजली.
साडेनऊशे.
औषध पोटातून गेलं होतं
परक्या गल्लीतून वरात जावी तसं,
एका खिडकीचीही झोप न मोडता.

म्हणून आज पापण्या.
अंगठ्यानं खालची पापणी ओढायची,
कार्डावरच्या पाच रंगांशी ताडायची.
पहिला डाळिंबाच्या दाण्याचा,
पाचवा धुऊन धुऊन विरलेल्या पंचाचा.
फिकट तेवढ्यांनाच दुसरं औषध,
काट्याला टांगून, वजनाप्रमाणे.
लाल पापणीच्यांना काही नाही.

"काही नाही?"
खाटेवरची झमकू उठून बसली. ओगडरामची आई.
"जंत पोटात ठेवायचे? जाणूनबुजून?"

मी सांगू लागले:
सगळ्यांना पाजलं की भित्रे जंत तेवढे मरतात,
निर्ढावलेले उरतात,
आणि सकाळच्या दवात गवताच्या पात्यावर
त्यांचीच पोरं चढून बसतात.
थोडे भित्रे राहू द्या, मिसळू द्या.
बोलता बोलता मलाच वाटलं,
ही काय डॉक्टरणीची भाषा?

म्हातारी बराच वेळ तंबाखू मळत राहिली.
मग मुलाकडे वळून म्हणाली,
"माणसाला भिणारा लांडगा तुझा बाप मारत नसे.
तो मेला की त्याची जागा
न भिणारा घेतो."

मी वीस वर्षं शिकवतेय.
हे मला इतक्या कमी शब्दांत कधी आलं नाही.

एक्केचाळीस नंबरची मेंढी.
जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबलेली,
पापणी कागद.
तेवीस किलो. माप नीट भरलं,
जिभेच्या मागे सोडलं.
तिनं गिळलं, की मला तसं वाटलं.

"चौदा दिवसांनी पुन्हा लेंड्या लागतील."
"तवर आम्ही बडनगरच्या पुढे."
रिकाम्या पिशव्या त्यानं फेट्यात खोचल्या.

चौदाव्या दिवशी दुपारी फोन आला.
मागे घंटा, कुत्री, वारा.
"भरल्या पिशव्या. बर्फ नव्हता,
म्हणून कुल्फीवाला थांबवून ठेवलाय.
पण तो विचारतोय, बाई,
ह्यात काय ठेवणार? काय सांगू?"