विरजण

प्रवासाला निघताना मी दोनच गोष्टी मागे ठेवते:
किल्ली आणि विरजण.
दोन्ही तस्नीमबेनकडे, समोरच्या दारात.
किल्ली खिळ्याला, विरजण काचेच्या वाटीत,
वर बशी, बशीवर चिठ्ठी: रोज थोडं दूध, विसरू नका.
त्या विसरत नाहीत.
निदान मी तसं लिहीत आले आहे.

परवा रात्री स्पितीहून परतले.
माझगावच्या टेकडीवर टॅक्सीवाल्याने बॅग उतरवली,
खाली गोदीत कुठलीशी बोट भोंगा देत होती.
मला तिकडे आठवडाभर नुसता ताकाचा वास येत होता,
सातूची भाकरी खाताना, लोण्याचा खारट चहा पिताना,
एका मठाच्या ओट्यावर पाय चोळत बसले असताना.
घर म्हणजे काय, मी एकदा लिहिलं होतं
(दिवाळी अंकात, मानधन अजून यायचंय),
जिथलं आंबट जिभेला कळतं ते.
तेव्हा बरं वाटलं होतं वाक्य. आता जरा लाजच वाटते.

तर हे विरजण. याची गोष्ट ठाऊक नसलेला
आमच्या इमारतीत एकच माणूस, नवा वॉचमन.
धारवाडच्या स्टँडवर दही विकणारी बाई, गौरव्वा,
तिने माझा रुमाल मडक्यात बुडवला,
उन्हात वाळवला, घडी करून हातात दिला:
मुंबईला जाऊन दुधात टाक,
तुझ्या घरी माझं दही लागेल.
एकोणीस वर्षं झाली.
ही गोष्ट मी व्याख्यानांत सांगितली, लग्नांच्या पंगतीत सांगितली,
एकदा दाताच्या डॉक्टरला, माझ्याच तोंडात कापूस असताना.
दर वेळी गौरव्वा थोडी म्हातारी होते,
रुमालाच्या कोपऱ्यात कधी निळं फूल असतं, कधी नसतं.

सकाळी तस्नीमबेन आल्या, वाटी दोन्ही हातांत धरून.
माझी कढीची तयारी चाललेली:
बेसन, ठेचलेलं आलं, मेथीचे चार दाणे,
कढीपत्ता त्यांच्याच कुंडीतला.
रवी हातात घेतली तेव्हा त्या म्हणाल्या,
"एक वात कहूं?"
मग मराठीत, कारण मामला गंभीर होता,
"हे ते नाही."

"कुठलं?"

"तुमचं. ते गेलं. तीन वर्षं झाली.
तुम्ही मेघालयात होता, इथे सुनेचं बाळंतपण,
दूध घालायचं राहिलं, वर बुरशी धरली.
नाक्यावरच्या डेरीतून आणलं. तेव्हापासून तेच."

तीन वर्षं मी ते दही चाखून,
डोळे मिटून म्हणत होते: वा, धारवाड!

आता पाळी माझी होती.
रुमाल होता. बाईही होती. नाव मात्र मी दिलं,
गाडी सुटत होती, विचारायचं राहून गेलं.
आणि त्या रात्री रुमाल दुधात टाकला खरा,
पण सकाळी दूध ते दूधच,
वर रुमालाचा रंग उतरलेला, फिकट निळा
(ते फूल तिथूनच आलं असावं).
दूध मोरीत ओतलं, चपला घातल्या
आणि गेले नाक्यावरच्या डेरीत.
तीच डेरी. तेव्हा गल्ल्यावर आताच्या मालकाचा बाप बसायचा.

हे मी मोठ्याने बोलले का?
बोलले. पाठमोरी, कढी ढवळत.

मागे बराच वेळ काहीच नाही.
मग स्टूल ओढल्याचा आवाज
आणि हसणं, असं हसणं
की खालच्या परेरांनी खिडकीतून विचारलं, काय झालं?

फोडणी दिली. लसूण जरा जास्तच लाल झाला.
आंबटपणा अगदी बेताचा, कुठलाही म्हणा.
तस्नीमबेननी भुरका मारला, वाटी खाली ठेवली,
रिदाची बाही वर सारली.
"बरं, पण त्या गौरव्वाचं पुढे काय झालं?
मागच्या वेळी तिची मुलगी पळून गेली होती."

मी गॅस बारीक केला.
"परत आली," म्हटलं. "पण एकटी नाही आली."